घरगुती बिटकॉइन मायनिंग आणि वॉलेटमधील बिघाड : तपासणीचा आणि दुरुस्तीचा क्रम

वॉलेट उघडल्यावर शिल्लक शून्य दिसली की बहुतेक जण सॉफ्टवेअर काढून टाकून नव्याने बसवू पाहतात, आणि नेमकी तीच कृती सर्वांत घातक ठरते. बिटकॉइन हे वॉलेटच्या फाइलमध्ये साठवलेले नसतात. त्यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे सर्व व्यवहार नोंदवणाऱ्या ब्लॉकांच्या सार्वजनिक साखळीवर असते. वॉलेट फक्त त्या नोंदींवर हक्क सांगणाऱ्या खाजगी किल्ल्या सांभाळते आणि साखळी वाचून बेरीज दाखवते. म्हणून शिल्लक दिसेनाशी झाली, तर किल्ली हरवली असण्यापेक्षा वाचन अपुरे राहिले असण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. मात्र घाईघाईने केलेल्या पुनर्स्थापनेत किल्ल्यांची फाइलच पुसली गेली, तर सहज दुरुस्त होण्याजोगा बिघाड कायमचे नुकसान होऊन बसतो. घरी एक लहान मायनर (नवे ब्लॉक शोधणारे यंत्र) आणि एक पूर्ण नोड (सगळी साखळी उतरवून तपासणारा संगणक) चालवताना, तसेच इतर हौशी मंडळींची यंत्रे तपासताना जो क्रम उपयोगी ठरला, तो येथे सविस्तर मांडत आहे.

यंत्र घेण्याआधीचा हिशेब

३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक निघाला, तेव्हा साध्या संगणकाचा प्रोसेसर मायनिंगला पुरत होता. २०१० मध्ये ग्राफिक्स कार्डांचा वापर सुरू झाला आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडवलेल्या एसिक चिपांनी बाकी सर्व साधनांना स्पर्धेतून बाहेर काढले. त्यामुळे ‘लॅपटॉपवर बिटकॉइन मिळवून देतो’ असे सांगणाऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये.

ब्लॉकमागे मिळणारे बक्षीस दर २,१०,००० ब्लॉकनंतर निम्मे होते. आरंभी ते ५० बिटकॉइन होते, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ आहे. दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक निघतात, म्हणजे जगभरातील सर्व मायनर मिळून दिवसाला ४५० बिटकॉइन वाटून घेतात. व्यवहारांची फी यात धरलेली नाही. नेटवर्कचा एकूण हॅशरेट, म्हणजे ब्लॉक शोधण्याच्या प्रयत्नांचा वेग, २०२५ मध्ये सेकंदाला एक झेटाहॅश, म्हणजे शंभर कोटी टेराहॅशपर्यंत पोहोचला. आता जुन्या बाजारात सहज मिळणारे अँटमायनर एस-९ हे यंत्र घेऊ. त्याचा वेग सुमारे १३.५ टेराहॅश आणि विजेची गरज सुमारे १,३२० वॉट आहे. त्याच्या वाट्याला दिवसाला साधारण ६०० सातोशी येतात, आणि एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. महिन्याला हे सुमारे १८,००० सातोशी होतात. एक बिटकॉइन ८० लाख रुपयांना धरला, तरी ही रक्कम दीड हजार रुपयांच्या आतच राहते. याच महिन्यात यंत्र ९५० युनिट वीज खाते. सर्व आकार धरून युनिटला १२ रुपये पडत असतील, तर वीजबिल ११,४०० रुपये येते. शिवाय घरगुती जोडणीत वापर वाढला की वरच्या टप्प्याचा चढा दर लागतो, तो वेगळाच. ज्याने हा हिशेब स्वतःच्या वीजबिलावरील आकड्यांनी केलेला नाही, त्याने यंत्र मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिकण्यासाठी मला बिटॲक्स हे खुल्या आराखड्याचे छोटे यंत्र अधिक योग्य वाटते. त्याच्या गॅमा आवृत्तीचा वेग सुमारे १.२ टेराहॅश असून वीज १५ ते २० वॉट लागते, म्हणजे महिन्याला बारा-चौदा युनिट. आवाज जेमतेम आणि उष्णता सुसह्य असते. त्यावर एकट्याने ब्लॉक सापडण्याची सरासरी मुदत वरच्या हॅशरेटनुसार पंधरा हजार वर्षांहून अधिक निघते, म्हणून त्याला उत्पन्नाचे साधन म्हणता येणार नाही. प्रोटोकॉल कसा चालतो हे डोळ्यांसमोर पाहण्याचे ते साधन आहे, आणि त्या दृष्टीने ते उत्तम आहे.

मायनरची तपासणी : वीज, उष्णता, जाळे, पूल

मायनर वारंवार बंद पडत असेल, तर सर्वप्रथम वीजपुरवठा पाहावा, कारण सॉफ्टवेअरचे वाटणारे बरेचसे बिघाड प्रत्यक्षात व्होल्टेजचे असतात. बिटॲक्स गॅमाला ५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि तो गोल पिनच्या जागी जोडायचा असतो. यंत्रावरची यूएसबी-सीची जागा फर्मवेअर (यंत्राचे अंतर्गत सॉफ्टवेअर) भरण्यासाठी आहे. तेथून वीज देऊन मायनिंग चालत नाही. घरात पडलेला राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पिन जुळते म्हणून या यंत्राला लावणे म्हणजे ते जाळून टाकणे होय. अडॅप्टर ५ व्होल्टचा असूनही त्याची अँपिअर क्षमता कमी असेल, तर यंत्र सुरू होते, पडद्यावर आकडे येतात आणि भार वाढताच ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशा वेळी फर्मवेअर बदलण्याआधी चांगला अडॅप्टर लावून पाहावा.

एस-९ च्या बाबतीत प्रश्न घराच्या वायरिंगचा आहे. १,३२० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर पावणेसहा अँपिअर, आणि तेही अखंड चोवीस तास. असा भार पंख्या-दिव्यांच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर टाकू नये. १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, जाड वायर, स्वतःची एमसीबी आणि पक्के अर्थिंग यांची व्यवस्था परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. या यंत्रात तीन हॅशबोर्ड असतात. प्रत्येकाला सहा पिनांच्या तीन जोडण्या आणि नियंत्रक पाटीला एक, अशा एकूण दहा जोडण्या लागतात. एखादी जरी सैल राहिली, तरी बाकीच्या पिनांवर भार येऊन प्लास्टिक वितळू लागते. म्हणून सुरू केल्यानंतर तासाभराने यंत्र बंद करून जोडण्या हाताने चाचपून पाहाव्यात.

उष्णतेची लक्षणे ओळखायला सोपी असतात: सकाळी पूर्ण वेग, दुपारी घसरण आणि रात्री पुन्हा सुधारणा. बिटॲक्सच्या ॲक्सओएस या अंतर्गत पानावर चिपचे आणि व्होल्टेज रेग्युलेटरचे तापमान स्वतंत्र दिसते. चिप साठ-पासष्ट अंशांच्या आत ठेवावी, आणि नागपूर किंवा जळगावच्या उन्हाळ्यात ते जमत नसेल तर फ्रीक्वेन्सी खाली आणावी. गॅमाची मूळ मांडणी ५२५ मेगाहर्ट्झ आणि १,१५० मिलिव्होल्टची आहे. वेग वाढवण्याच्या नादात व्होल्टेज चढवत जाण्यापेक्षा दोन्ही थोडे उतरवून यंत्र अखंड चालू ठेवणे मला श्रेयस्कर वाटते. किनारपट्टीच्या खाऱ्या आणि दमट हवेत धुळीबरोबर गंजाचाही त्रास होतो. तेथे पंख्याची पाती आणि उष्णताशोषक वेळोवेळी कोरड्या ब्रशने साफ करावेत.

वीज आणि उष्णता ठीक असूनही काम सुरू होत नसेल, तर जाळ्याकडे वळावे. बिटॲक्स २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायला जोडले जाते. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवत असेल आणि जोडणी होत नसेल, तर २.४ चे नाव वेगळे करावे. त्यानंतर पूलचा (अनेक मायनरांना काम वाटून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता, पोर्ट क्रमांक आणि वापरकर्त्याचे नाव हे तीन रकाने अक्षर न् अक्षर तपासावेत. बहुतेक सोलो पूलमध्ये, म्हणजे ब्लॉक सापडल्यास बक्षीस एकट्यालाच देणाऱ्या पूलमध्ये, वापरकर्त्याच्या नावाच्या जागी स्वतःचा बिटकॉइन पत्ता, त्यापुढे टिंब आणि यंत्राचे कोणतेही नाव लिहायचे असते. या ठिकाणी केवळ पत्ता लागतो. सीडचे शब्द (ज्यांतून सर्व किल्ल्या पुन्हा निर्माण होतात) किंवा खाजगी किल्ली मागणारा पूल हा पूल नव्हे.

जोडणी झाल्यावर दिसणारे आकडे नवख्यांना गोंधळात टाकतात. यंत्र १.२ टेराहॅश दाखवते आणि पूल कधी ०.७, कधी १.९ दाखवतो, यात बिघाड काहीच नसतो, कारण पूलला यंत्राचा वेग थेट दिसत नाही. आलेल्या शेअरांवरून, म्हणजे यंत्राने पाठवलेल्या सोप्या पातळीच्या उत्तरांवरून, तो अंदाज बांधतो, आणि शेअर सापडणे हा योगायोगाचा भाग असल्यामुळे तो अंदाज वरखाली होतो. दिवसभराची सरासरी पाहावी. नाकारले गेलेले शेअर शंभरात एखादा असतील तर दुर्लक्ष करावे. त्याहून बरेच अधिक असतील तर बहुधा पूलचा सर्व्हर दूर आहे किंवा वायफाय डळमळीत आहे. ‘सर्वोत्तम डिफिकल्टी’ (यंत्राला आजवर सापडलेल्या सर्वांत अवघड उत्तराची पातळी) या आकड्याचेही असेच. तो कोटींमध्ये गेला म्हणून ब्लॉक जवळ आला असे होत नाही, कारण नेटवर्कची डिफिकल्टी नोव्हेंबर २०२४ मध्येच शंभर लाख कोटींच्या पुढे गेली आणि प्रत्येक प्रयत्न मागच्या प्रयत्नापासून पूर्णपणे स्वतंत्र असतो.

वॉलेट : आधी प्रत, मग तपास

वॉलेटला हात लावण्याआधी किल्ल्यांची प्रत काढावी. बिटकॉइन कोअर या पूर्ण नोड आणि वॉलेट चालवणाऱ्या संगणक-कार्यक्रमात ‘बॅकअप वॉलेट’ हा पर्याय आहे. तो वापरता येत नसेल, तर आधी कार्यक्रम पूर्ण बंद करावा, तो खरोखर बंद झाल्याची खात्री करावी आणि मगच ‘वॉलेट डॉट डॅट’ ही फाइल पेनड्राइव्हवर उतरवावी. चालू असलेल्या कार्यक्रमाच्या पोटातून घेतलेली प्रत अर्धवट असू शकते. त्यापुढचे सर्व प्रयोग प्रतीच्या प्रतीवर करावेत आणि पहिली प्रत बाजूला ठेवून द्यावी. फाइल कोठे आहे हे ठाऊक नसेल, तर नोडच्या माहितीच्या खिडकीत डेटा फोल्डरचा मार्ग लिहिलेला असतो.

जुन्या प्रतींविषयी एक बारकावा फारसा सांगितला जात नाही. २०१६ मध्ये आलेल्या ०.१३ या आवृत्तीपूर्वीच्या वॉलेटमध्ये किल्ल्या एकमेकींपासून निपजत नसत. कार्यक्रम शंभर किल्ल्या आगाऊ तयार करून ठेवी आणि त्या वापरल्या गेल्यावर नव्या बनवी. त्यामुळे २०१२ ची प्रत २०१४ मधल्या पत्त्यांच्या किल्ल्या देईलच असे नाही. तसेच वॉलेटला पासवर्ड घातल्यानंतर पुढील पत्त्यांसाठी किल्ल्या नव्याने तयार होतात, म्हणून पासवर्डपूर्वीची प्रत त्यानंतरच्या पत्त्यांना उपयोगी पडत नाही. जुना संगणक भंगारात देण्याआधी त्यातील सर्व प्रती गोळा कराव्यात आणि एकेक उघडून पाहाव्यात. ‘एक प्रत आहे ना’ एवढ्यावर थांबू नये.

जुन्या पद्धतीची वॉलेट फाइल बिटकॉइन कोअरच्या ३० व्या आवृत्तीपासून थेट उघडत नाही. तिचे नव्या, डिस्क्रिप्टर पद्धतीच्या वॉलेटमध्ये स्थलांतर करावे लागते. फाइल उघडत नाही म्हणून ती खराब झाली असा निष्कर्ष काढू नये. प्रत सुरक्षित ठेवून स्थलांतराची आज्ञा द्यावी आणि नंतर जुन्या पत्त्यांची यादी नव्याशी ताडून पाहावी.

साखळीचे वाचन अडते तेव्हा

पूर्ण नोडला आज ६०० गिगाबाइटहून अधिक माहिती उतरवून स्वतः तपासावी लागते. या कामात इंटरनेटपेक्षा डिस्कच अधिक अडवते: फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्डडिस्कवर हे काम आठवडे खाते, तर एसएसडीवर ते काही दिवसांत उरकते. संगणकात ८ गिगाबाइट रॅम असेल, तर पहिल्या उतरवणीपुरता ‘डीबी कॅश’ (डेटाबेससाठी राखलेली रॅम) दोन ते चार गिगाबाइट करावा आणि काम संपल्यावर कमी करावा. जागा अपुरी असेल तर छाटणीचा (प्रूनिंगचा), म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक पुसण्याचा पर्याय आहे; तो किमान ५५० मेगाबाइटपर्यंत खाली नेता येतो. मात्र छाटलेल्या नोडवर जुने वॉलेट आणून बसवले, तर ज्या ब्लॉकांत त्याचे व्यवहार आहेत तेच ब्लॉक उरलेले नसतात आणि सगळी साखळी पुन्हा उतरवावी लागते. जुनी वॉलेट तपासायची असतील, तर छाटणी करू नये.

आपल्याकडे नोडचा खरा शत्रू म्हणजे अवेळी जाणारी वीज. डेटाबेस लिहिला जात असताना संगणक बंद पडला, की पुढच्या वेळी ‘ब्लॉक डेटाबेस खराब झाला आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि सर्व पुन्हा बांधण्याची परवानगी मागितली जाते. तेथे थेट ‘हो’ म्हणण्याआधी फक्त अवस्था, म्हणजे न खर्चलेल्या रकमांची यादी, पुन्हा बांधण्याचा ‘रीइंडेक्स-चेनस्टेट’ हा पर्याय वापरून पाहावा. डिस्कवरचे ब्लॉक शाबूत असतील तर तो पुरतो आणि वेळ वाचतो. तो अयशस्वी झाला, तर पूर्ण ‘रीइंडेक्स’ करावे. या दोन्हींचा किल्ल्यांशी संबंध नसतो, परंतु संपूर्ण डेटा फोल्डर पुसून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर वॉलेटची फाइल त्याच फोल्डरच्या आत असते हे ध्यानात ठेवावे. हाच बिघाड पुन्हा पुन्हा होत असेल, तर दोष रॅमचा किंवा डिस्कचा असण्याची दाट शक्यता आहे. सॉफ्टवेअर बदलून तो जात नाही. नोडला लहानसा यूपीएस जोडणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

शिल्लक दिसत नाही तेव्हा

प्रत काढली, साखळी पूर्ण वाचून झाली, तरीही शिल्लक दिसत नाही, अशा स्थितीत वॉलेट बहुधा चुकीच्या पत्त्यांवर शोध घेत असते. सीडच्या त्याच बारा शब्दांतून चार निराळ्या पद्धतींचे पत्ते निघू शकतात: १ ने सुरू होणारे, ३ ने सुरू होणारे, ‘बीसी-वन-क्यू’ने सुरू होणारे आणि ‘बीसी-वन-पी’ने सुरू होणारे. सीडमधून किल्ल्या काढण्याचे त्यांचे मार्ग अनुक्रमे ४४, ४९, ८४ आणि ८६ या क्रमांकांनी ओळखले जातात. पूलच्या खात्यात पूर्वी नोंदवलेला पत्ता कोणत्या अक्षरांनी सुरू होतो ते पाहून त्याच पद्धतीने वॉलेट पुन्हा उभे करावे. इलेक्ट्रम या वॉलेटच्या स्वतःच्या सीडची पद्धत बीआयपी-३९ (इतर बहुतेक वॉलेट पाळतात ते सीडच्या शब्दांचे मानक) पेक्षा वेगळी आहे. दुसऱ्या वॉलेटचे शब्द इलेक्ट्रममध्ये घालताना पर्यायांत जाऊन बीआयपी-३९ निवडावे लागते, अन्यथा शब्द बरोबर असूनही ते स्वीकारले जात नाहीत.

शब्दांच्या हस्ताक्षराविषयी शंका असेल, तर बीआयपी-३९ च्या २,०४८ शब्दांच्या यादीचा आधार घ्यावा. इंग्रजी यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरूनच ओळखू येतो, त्यामुळे पुसट शब्दही बहुधा लावता येतो. शब्दांसोबत पूर्वी कोणी स्वतंत्र पासफ्रेज (जादा गुप्त शब्द) जोडला असेल आणि तो आता घातला नाही, तर कोणतीही चूक न दाखवता रिकामे वॉलेट उघडते. म्हणून रिकाम्या वॉलेटकडे पाहताना हा प्रश्न आधी विचारावा.

दुसरे कारण मायनिंग करणाऱ्यांनाच विशेष भेडसावते. वॉलेट सलग वीस न वापरलेले पत्ते पाहते आणि पुढे शोध थांबवते. ज्याने पूल बदलताना दर वेळी नवा पत्ता तयार केला, पण त्यातील बहुतेकांवर पैसे कधी आलेच नाहीत, त्याचे पुढचे पत्ते या मर्यादेपलीकडे जातात. इलेक्ट्रमच्या कन्सोलमधून ही मर्यादा दोनशेपर्यंत वाढवून पाहावी. हरवलेली रक्कम अनेकदा येथेच सापडते.

सोलो मायनिंगमध्ये ब्लॉक सापडून बक्षीस थेट स्वतःच्या पत्त्यावर आले, तरी ते लगेच खर्च करता येत नाही. शंभर ब्लॉक पुढे सरकेपर्यंत, म्हणजे साधारण सोळा-सतरा तास, ते ‘अपक्व’ म्हणून दिसते. हा नियम प्रोटोकॉलचाच आहे.

अडकलेले व्यवहार आणि बारीक रकमा

पाठवलेला व्यवहार तासन्‌तास अपुष्ट (कोणत्याही ब्लॉकमध्ये न आलेला) राहिला, तर त्याची फी त्या वेळच्या गर्दीत कमी पडली आहे, इतकाच त्याचा अर्थ असतो. पाठवणाऱ्याने अधिक फीचा बदली व्यवहार पाठवावा. घेणाऱ्याला हे करता येत नाही, पण तो आलेली अपुष्ट रक्कम स्वतःलाच चढ्या फीने पाठवून मूळ व्यवहाराला पुढे ओढू शकतो. दोन्ही शक्य नसेल तर थांबावे, कारण बहुतेक नोड असा व्यवहार चौदा दिवसांनी आपल्या मेमपूलमधून (अपुष्ट व्यवहारांच्या रांगेतून) काढून टाकतात आणि रक्कम पाठवणाऱ्याकडे पुन्हा खर्च करण्याजोगी दिसू लागते.

पूलमधून वारंवार लहान रकमा घेणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. व्यवहाराची फी रकमेवर आकारली जात नाही, आकारावर आकारली जाते, आणि मिळालेला प्रत्येक हप्ता पुढे खर्च करताना ‘बीसी-वन-क्यू’ पत्त्यावर सुमारे ६८ आभासी बाइट घेतो. प्रत्येकी ५,००० सातोशींचे २०० हप्ते मिळून दहा लाख सातोशी होतात. ते एकत्र करायला फी बाइटमागे १ सातोशी असताना १३,६०० च्या आसपास सातोशी लागतात, तर गर्दीच्या काळात ५० असताना जवळजवळ ६,८०,०००. एकूण कमाईचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग असा वाहून जातो. पूलमधील किमान रकमेची अट वाढवून ठेवावी आणि मेमपूल ओस असताना हप्ते एकत्र करावेत. जुन्या, १ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर तर हप्ते घेऊच नयेत, कारण तेथे प्रत्येकाला १४८ बाइट लागतात.

विसरलेला पासवर्ड आणि नको ती मदत

पासवर्ड विसरला असेल, तर आठवणीतील तुकडे प्रथम कागदावर लिहावेत: वापरात असलेली नावे, वर्षे, चिन्हे, मोठ्या अक्षरांची सवय. त्या काळी कीबोर्ड मराठी मांडणीवर राहिला असण्याची शक्यताही तपासावी, कारण दिसत नसलेल्या पासवर्डच्या चौकटीत ते लक्षात येत नाही. बीटीसी रिकव्हर हे खुल्या स्रोताचे साधन अशा तुकड्यांची जुळवाजुळव करून पाहते. ते इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकावर आणि फाइलच्या प्रतीवरच चालवावे. तुकडा एकही आठवत नसलेला लांब पासवर्ड यंत्राच्या जोरावर सापडत नाही, आणि तसे वचन देणाऱ्याला फाइल देणे धोक्याचे आहे.

२०१८ च्या अखेरीस इलेक्ट्रमच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये फसव्या सर्व्हरांनी त्रुटीच्या संदेशाच्या रूपात ‘नवी आवृत्ती घ्या’ असे दुवे दाखवले आणि ते बनावट सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांचे बिटकॉइन गेले. म्हणून वॉलेट कधीही आतल्या दुव्यावरून अद्ययावत करू नये. अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून त्याची डिजिटल स्वाक्षरी पडताळावी. ‘वॉलेट सिंक करून देतो’ म्हणत बारा शब्द मागणारी पाने हा त्याच फसवणुकीचा आजचा अवतार आहे. पत्ता चिकटवल्यावर त्याची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे मूळ पत्त्याशी ताडावीत, कारण क्लिपबोर्डमधील पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस सर्रास आढळतात.

नोंदवही

भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि त्यावर अधिभार व उपकर लागतो, आणि एकातील तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. मायनिंगच्या उभारणीचा खर्च संपादनखर्च म्हणून धरता येणार नाही, असे सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केले. म्हणजे वीजबिल आणि यंत्राची किंमत हिशेबात वजा होईल या भरवशावर राहू नये. प्रत्येक हप्त्याची तारीख, सातोशींतील रक्कम, त्या दिवशीची रुपयांतील किंमत, व्यवहाराचा क्रमांक आणि पत्ता यांची नोंद साध्या स्प्रेडशीटमध्ये त्याच दिवशी करावी, कारण जुन्या तारखांच्या किमती नंतर शोधत बसणे कष्टाचे असते आणि पूल बंद पडला तर त्याच्याकडील हप्त्यांची यादीही त्याबरोबर जाते.